मोरी, बोट आणि चौदा दिवस

पीएचडीसाठी बत्तीस रापणकरांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) मुलाखती झाल्या तेव्हा गाईड म्हणाले, "आता मुलाखतींचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर परीक्षक विचारतील." काय विचारतील ते त्यांनी सांगितलं नाही. किंमतही सांगितली नाही. ती मी मालवणात, काकींच्या पडवीत बसून पाहिली. डॉलरमध्ये. विद्यार्थी सवलत वजा करून रुपये केले, तरी माझी फेलोशिप (येते तेव्हा येते) पुरेना. त्यातून ते मुदतीचं भाडं. मुदतीत पीएचडी संपली नाही, आणि कोणाची संपते, तर पुन्हा पैसे भरा.

या सॉफ्टवेअर-घराण्याचा एक मूळपुरुष १९८१ मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात लिन आणि टॉम रिचर्ड्स यांनी घडवला. नाव 'न्यूडिस्ट'. पुढे त्याचंच 'एनव्हिवो' झालं. अंगावर कपडे आले की खर्च वाढायचाच.

मी दुसऱ्याच एकाचं चौदा दिवसांचं फुकट ट्रायल घेतलं. काकी खवली काढता काढता डोकावल्या.

"मगे ता सगळा वाचून सांगतला?"

"नाही. वाचायचं मीच. ह्या वाक्याला 'कर्ज', त्या वाक्याला 'एलईडी' (दिव्यांच्या झोतातली मासेमारी) अशी चिठ्ठीही मीच लावायची. ते चिठ्ठ्या सांभाळतं."

"मगे पैसे कित्याक?"

तसं सांभाळणंही काही थोडं नाही. 'कर्ज'वर क्लिक केलं की बत्तीस जणांची कर्जं एका पडद्यावर, कोण कुठल्या पानावर काय बोलला त्यासकट. हे वहीत करताना माझे दोन हायलायटर आणि एक मैत्रीण संपली होती.

पण शब्द शोधायला गेले आणि फसले. 'मोरी' शोधली, तर माशाबरोबर एकाच्या न्हाणीची तुंबलेली मोरीही आली. 'बोट' शोधली, तर काटा रुतलेलं बोट निघालं. उलट 'होडी' शोधली, तर 'होडयेत' बसलेले सगळे बुडाले.

त्यात पाऊस, त्यात लाइट नाही. चौदातले पाच दिवस मी मेणबत्तीत लॅपटॉपकडे बघत काढले. पंधराव्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या कुलपात.

आता टॅगेट नावाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, साधं आहे, चिठ्ठ्या लावू देतं. मला एवढंच हवं होतं. हे आधी कोणी का सांगितलं नाही, तेही एकदा गाईडना विचारायचंय.

काल काकी टोपलीतले बांगडे निवडत होत्या. "हे इकूचे, हे सुकवूचे, हे मांजराक." टोपली पाच मिनिटांत रिकामी. मी आत जाऊन 'मांजराक' नावाचा एक टॅग केला. सध्या सगळ्यात जास्त मजकूर त्यातच आहे.