साथीदारांनाही बोलते करावे

सोलापूरच्या ज्येष्ठ कलावंतांशी झालेल्या गप्पांची ही लेखमाला मी आस्थेने वाचत आहे आणि तिच्या ताज्या भागात हलगीवादकांना गायकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले, याचा मला विशेष आनंद वाटला. शाहीर राम जोशी यांचे हे गाव. शाहीर अमर शेख जिल्ह्यातल्याच बार्शीचे. साहजिकच आपल्याकडे शाहिरांची नावे आदराने घेतली जातात, पण त्यांच्यामागे डफ, तुणतुणे किंवा ढोलकी कोणी वाजवली, हे क्वचितच नोंदले जाते, आणि ही उणीव मला फार खुपते. म्हणून पुढील मुलाखतींत प्रत्यक्ष वादनाचे प्रश्न अधिक यावेत, अशी विनंती आहे: हलगीचे कातडे विस्तवावर किती तापवायचे हे हाताला कसे कळते, पावसाळी हवेत आवाज बसला तर काय करतात, सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ठेका कोण ठरवतो आणि गणेशोत्सवात लेझीमवाल्यांना तो बदलल्याची खूण कशी दिली जाते. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही घरोघरी बोलली जाते. तेव्हा पूर्व भागातील तेलुगू भजने गाणारे आणि कव्वालीचे जुने साथीदार यांच्याकडेही जावे. शक्य झाल्यास प्रत्येकाचे थोडे वादन ध्वनिमुद्रित करून, वादकाच्या नावासह लेखासोबत द्यावे.