काटा काही हलेना

आमच्या ९८ सालच्या मारुती ८०० चा स्पीडोमीटर नक्की कधी बंद पडला ते सांगता येणार नाही, कारण माझा रोजचा रस्ता कर्वे रोड, तिथे काटा शून्यावर असला तर कुणाला शंका येणार? कळलं ते बायपासला, नवले पुलाच्या उतारावर. शेजारी बसलेले बाबा म्हणाले "हळू रे", मी म्हटलं "कितीचा स्पीड आहे असा?" आणि दोघांनी मीटरकडे बघितलं तर शून्य. "सत्तर असेल," बाबा म्हणाले, "सत्तरला आरसा थरथरतो."

गॅरेजवाला म्हणाला अख्खा मीटर बदला. मग माझ्यातला इंजिनिअर, म्हणजे सिव्हिलचा डिप्लोमा, जागा झाला. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले. गिअरबॉक्समधून एक केबल येते, ती मीटरमधलं चुंबक फिरवते, चुंबकाला लागून अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते आणि तिच्या दांडीवर काटा. चुंबक वाटीला शिवतसुद्धा नाही, नुसतं जवळ फिरतं आणि वाटी आपोआप वळते, शाळेत हेडमास्तर व्हरांड्यातून गेले की वर्ग सरळ व्हायचा तसं. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागे खेचते, बस. मी निदान केलं, केबल तुटली.

नाना पेठेत काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "किलोमीटर पडतात का?"

"पडतात की."

"मग केबल कशाला घेताय? दोन्ही तिच्यावरच चालतं."

एवढं पार्किंग शोधून आल्यावर हात हलवत कसं जाणार, म्हटलं द्या, घरात असावी एक. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती बिलात लावली नव्हती.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा खुर्ची टाकून बसले. बॅटरीची वायर काढली, मीटर काढला, वरची काच काढली. काटा उपसायला खालून दोन चमचे घालून दोन्हीकडून सारखं उचलायचं असतं, त्यासाठी स्वयंपाकघरातून पोह्यांचे चमचे आणले, हे बायकोला सांगायचं राहिलं. आत दांडीशी जुनं ग्रीस वाळून गोंद झालं होतं. ते पुसलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला, बोटानं केबलचं टोक फिरवलं आणि दांडी वळली! बाबांनी चक्क टाळी वाजवली. त्या आनंदात काटा परत दाबून बसवला.

आधी खूण करून ठेवायची असते. व्हिडिओत तो माणूस तीनदा सांगत होता.

आता नळस्टॉपच्या सिग्नलला गाडी उभी असते आणि मीटर वीस दाखवतो, पुढेही जो आकडा दिसेल त्यातून वीस वजा करायचे, बाबा ते तोंडी करतात आणि मला मोठ्यानं सांगतात. काटा काढून नीट बसवणं दहा मिनिटांचं काम आहे, पण बायकोनं चमचे कुठे ठेवलेत ते सांगत नाहीये.