पाडण्यासाठीच बांधलेली विमानं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

टार्गेट ड्रोनच्या, म्हणजे नेमबाजीच्या सरावात पाडायच्या बिनमाणसाच्या विमानांच्या, जुन्या टेबल मॉडेलांवरचा (टेबलावर ठेवायच्या छोट्या प्रतिकृतींवरचा) माझा लेख आपल्याला रुचला नाही. ही शस्त्रकंपन्यांनी साहेबलोकांना वाटलेली जाहिरातीची खेळणी, त्यांत कसला इतिहास, असं आपण विचारलंत. शिवाय शेजारी खानापूर तालुक्यात हलशीसारखं कदंबांचं गाव असताना बेळगावच्या माणसानं परदेशी प्लास्टिकवर पैसे का घालवावेत, हाही आपला प्रश्न आहे.

जाहिरात होतीच, ते मी नाकारत नाही. ओहायोतली टॉपिंग कंपनी विमान कंपन्यांसाठी अशी मॉडेलं करायची आणि ती अधिकाऱ्यांच्या टेबलावर जायची. पण खऱ्या विमानाचं काय व्हायचं ते बघा. नेम धरून कुणीतरी पाडावं म्हणूनच ते बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेडिओप्लेन कंपनीनं अशी जवळजवळ 15,000 छोटी विमानं बनवली. आज त्यांतली फार थोडी शिल्लक आहेत. उरलेल्यांचा आकार, रंग, पंखांची ठेवण डोळ्यांसमोर येते ती फोटोंतून आणि अशा मॉडेलांतून.

माझ्याकडचं अमेरिकेच्या रायन कंपनीच्या 'फायरबी' ड्रोनचं मॉडेल घ्या. खरं फायरबी 1951 मध्ये पहिल्यांदा उडालं. मॉडेलचा भडक केशरी रंग नाकापाशी उडालाय, हवा घेणारं तोंड नाकाच्या खाली आहे आणि डावा पंख टोकाला खाली वाकलाय; जुनं अ‍ॅसिटेट प्लास्टिक वर्षानुवर्षांत आक्रसतं, त्याचा हा परिणाम. शेजारचं 'जिंदिविक' या ऑस्ट्रेलियाच्या टार्गेट ड्रोनचं मॉडेल पाहिलं तर हवेचं तोंड पाठीवर. खरं जिंदिविक चाकांच्या ट्रॉलीवरून सुटायचं आणि उतरताना पोटाखालच्या स्किडवर (घसरपट्टीवर) घसरत यायचं. दोन्ही हातात घेऊन फिरवली की हा फरक जसा कळतो, तसा वाचून कळत नाही.

फायरबीचं शेपूट तुटलं होतं तेव्हा मी ते उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका पॅटर्नवाल्याकडे नेलं. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांची हयात गेलेली. मॉडेल उलटंसुलटं करून त्यांनी विचारलं, "ह्यात माणूस कुठं बसतंय?"

सर, मी ही मॉडेलं जमवतो ती ह्याच प्रश्नासाठी. पूर्वी नेमबाजीच्या सरावाला एक विमान नेम धरायला मागे कापडी बाही ओढत उडायचं आणि खालून तोफा चालायच्या. नेम चुकला तर गोळा ओढणाऱ्या विमानालाच लागायची भीती, आणि त्यात माणसं बसलेली. ब्रिटिशांनी 1935 मध्ये टायगर मॉथच्या घराण्यातलं 'क्वीन बी' रेडिओवर उडवलं, तेव्हा माऱ्याखालची ती जागा रिकामी झाली. शस्त्रांच्या इतिहासात माणसाला माऱ्यातून बाहेर काढणारी यंत्रं किती सापडतील? फायरबी पुढे निव्वळ लक्ष्य राहिलं नाही हेही खरं. त्याचीच टेहळणीची भावंडं 1964 पासून व्हिएतनाम युद्धात उडाली. तेही मी संग्रहाच्या वहीत लिहून ठेवलंय, गाळलेलं नाही.

हलशीबद्दल म्हणाल तर भूवराह नरसिंहाच्या देवळाविषयी आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, आणि ते काम जाणकारांनीच करावं. मात्र माझा विषय बेळगावला परका नाही. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण आहे. कॅम्पात वाढलेल्या मुलाला विमानाचं वेड लागलं तर नवल ते काय?

आणि हा विषय निव्वळ परदेशीही नाही. आपलं 'लक्ष्य' हे टार्गेट ड्रोन बंगळूरच्या एडीई या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेनं घडवलं, 1980 च्या दशकात उडवलं. त्याचं जेट इंजिन एचएएलचं. काम संपलं की ते पॅराशूटनं उतरतं. जमिनीवर उतरायचं असेल तर धक्का नाकाच्या टोकानं सोसायचा, म्हणून ते टोक मुद्दाम चेपणारं केलेलं. एवढी सुंदर युक्ती, पण 'लक्ष्य'चं जुनं टेबल मॉडेल मला अजून हाती घेऊन बघायला मिळालेलं नाही. आपल्या किंवा इतर वाचकांच्या ओळखीत एडीईतून निवृत्त झालेलं कुणी असेल आणि त्यांच्या घरी ते असेल, तर कृपया कळवा. विकत मागणार नाही; चारी बाजूंनी फोटो आणि स्टँडवरच्या पट्टीवरचा मजकूर मिळाला तरी पुरे.