तयार लायनर ठोकला की झालं? नाही हो, पद्मिनीवाल्यांनो जरा थांबा

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, की जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो) झिजला असेल तर सिलिंडर मापात कापून देणाऱ्या बोरिंगवाल्याकडे पैसे घालवू नका, तयार लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नळी, ठोका, आतून आरशासारखा चकचकीत करा, पेट्रोलने धुवा आणि पिस्टन टाका. वाचून खरंच काळजी वाटली, गाडी बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटली, चांगला ब्लॉक गेला तर दुसरा शोधत फिरावं लागतं.

"बोरिंग लागत नाही" हे कुठून आलं ते कळतं. बऱ्याच ट्रक-ट्रॅक्टरमध्ये वेट लायनर असतो, त्याच्या बाहेरून थेट पाणी खेळतं, तो आतून फिनिश होऊनच येतो. पद्मिनीत आपण बसवतो तो ड्राय स्लीव्ह, म्हणजे पाणी न लागणारा लायनर, पातळ, त्यामुळे ब्लॉकचं भोक जसं असेल तसाच आकार तो घेतो. माझ्या ब्लॉकमध्ये स्लीव्ह दाबल्यावर बोर गेज (भोकाचा व्यास मापायचं साधन) घालून वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मापलं तर एकाच सिलिंडरमध्ये 0.04 मिमी फरक निघाला! म्हणून आधी दाबायचा, मग बोर करायचा आणि शेवटचे 0.05 ते 0.07 मिमी होनिंगने, म्हणजे दगडाने घासून, काढायचे. बोरचं, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचं, मूळ माप 68 मिमी असलं तरी आधी पिस्टन हातात घ्या, मायक्रोमीटरने मापा आणि त्याच्या क्लिअरन्सप्रमाणे (पिस्टन आणि भिंत यांतली फट) बोर करून घ्या, डब्यावरच्या आकड्यावर नको.

"जितका टाइट तितका चांगला" हेही चूक. स्लीव्ह ब्लॉकच्या भोकापेक्षा साधारण 0.05 ते 0.08 मिमी मोठा असला की पकड पुरते, जास्त ठेवली तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो, शेजारचा बोरही वाकडा होतो. स्लीव्ह सैल राहिला तर उष्णता नीट ब्लॉकमध्ये जात नाही. आणि हातोडी नकोच, प्रेसवर सरळ दाबा.

आरशासारखा बोर तर सगळ्यात वाईट. होनिंगच्या तिरक्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषांत ऑइल टिकतं आणि पिस्टनच्या नवीन रिंगा त्यावरच घासून बसतात, गुळगुळीत बोरमध्ये त्या बसतच नाहीत, मग गाडी ऑइल खाते आणि निळा धूर सोडते.

धुण्याचं म्हणाल तर पेट्रोलने होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी रेषांतून निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग लगेच पुसून ऑइलमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं आतून फिरवा, करडं आलं तर परत धुवा, पांढरं राहीपर्यंत पिस्टन हातात घेऊ नका.