आदिवासी कला रानातच शोभते? मुळीच नाही

‘आदिवासींची कला रानात आणि त्यांच्या पेहरावातच खरी, शहराच्या चौकात आणली की तिचं नुसतं आंदोलन होतं,’ हे वाक्य सध्या सगळीकडे फिरतंय. ऐकायला पटकन पटतं, म्हणूनच उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची, म्हणजे तिथल्या मूळनिवासींची उदाहरणं घेऊन त्यातला एकेक मुद्दा तपासते.

आधी ‘रानात’. कॅनडाच्या 2016 च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक मूळनिवासी शहरी भागांत राहत होते. तिथलं व्हँकुव्हर शहर तर मस्क्वीम, स्क्वामिश आणि त्सले-वातुथ या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर उभं आहे. ही जमीन त्यांनी कधीच सोडून दिलेली नाही, हे तिथल्या नगर परिषदेने 2014 मध्ये मान्य केलं. आणि ही कला नजरेआड राहिली ती आपसूक नव्हे. कॅनडाच्या मूळनिवासींविषयीच्या कायद्यात 1914 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पश्चिमेकडच्या प्रांतांत मूळनिवासींना आपल्या वेशात, त्यांच्यासाठी राखीव ठेवलेल्या वस्तीबाहेर नाचायचं तर सरकारी परवानगी लागायची.

पेहरावाचं उत्तर जेम्स लूना या अमेरिकेतल्या लुइसेन्यो जमातीच्या कलावंताने देऊन ठेवलंय. 2010 मध्ये, कोलंबस अमेरिकेत पोचल्याची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या कोलंबस दिनी तो वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनबाहेर उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ‘खऱ्या इंडियनसोबत (म्हणजे अमेरिकेच्या मूळनिवासीसोबत) फोटो काढा’ म्हणून बोलावू लागला. कधी लंगोटीत, कधी नाचाच्या साजात, कधी रोजच्या शर्ट-पँटमध्ये. माणूस तिन्ही वेळा तोच.

राहिलं ‘नुसतं आंदोलन’. मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. जून 2002, व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइडमधला रस्ता. या भागातून कितीतरी बायका नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांत मूळनिवासी बायका फार होत्या. अनिशिनाबे या मूळनिवासी समाजातली कलावंत रिबेका बेलमोर तिथे गुडघे टेकून बसली आणि तिने रस्ता घासून काढला. मेणबत्त्या लावल्या. हातांवर त्या बायकांची नावं लिहिलेली होती. ती एकेक नाव जिवाच्या आकांताने ओरडायची आणि प्रत्येक नावानंतर एक गुलाब दातांतून ओढायची, पानं, पाकळ्या, काट्यांसकट.

यात घोषणा कुठे आहे? निवेदन कुठे आहे? हा शोक आहे. त्यात संताप आहेच, पण तेवढ्याने त्यातली कला उणी होत नाही. बंद दालनातही हे करता आलं असतं, पण माणूस जिथून नाहीसा झाला, हाक तिथेच मारायची असते.

शेवटी तिने लाल झगा घातला, तो खिळ्यांनी खांबाला ठोकला आणि हिसके देत स्वतःला सोडवलं. पुन्हा ठोकला, पुन्हा सोडवलं. अंगावर झगा उरला नाही तोवर. खांबावर लाल चिंध्या लटकत होत्या.