'मुलं काय, पटकन रुळतात'

हे वाक्य गेल्या जूनमध्ये मी निदान वीस जणांकडून ऐकलं. ह्यांची बदली झाली आणि आम्ही अकोल्याहून पिंपरी-चिंचवडला आलो. मुलगा चौथीत. आज लिहितेय, कारण पुन्हा बदल्यांचे दिवस आलेत आणि कुणीतरी हेच वाक्य ऐकून निर्धास्त होईल.

सुरुवात दाखल्यापासून झाली. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, इकडे जूनच्या मध्यावर. जुनी शाळा बंद, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून नव्या शाळेत वर्गात बसवेनात. पोरगा आठ दिवस खिडकीतून गणवेशातली मुलं बघत राहिला. नंतर कळलं, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम ५ याचसाठी आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर दाखल्याला उशीर झाला या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, लांबवताही येत नाही. आमची शाळा अनुदानितच होती. मला हे तेव्हा माहीत असतं, तर मी शाळेच्या ऑफिसातून हललेच नसते. आठ दिवसांत बाकांवरच्या जोड्या ठरून गेल्या होत्या.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, उशीर का? तो म्हणाला, "दाखला भेटून नव्हता राह्यला." वर्ग हसला. बाईंनी सांगितलं, माणूस भेटतो, वस्तू मिळते. त्या रागावल्या नव्हत्या, पण चाळीस मुलांसमोर उभं राहून त्याने ते ऐकलं. मग मधल्या सुट्टीत डब्यात सांभारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. "सांबार कुठंय, इडली कुठंय" म्हणून आठवडाभर चिडवणं चाललं.

त्यानंतर तो बोलायचाच थांबला. तक्रार नाही, रडणं नाही. मला वाटलं, रुळला. इथेच आपण फसतो. पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायची. पाणी प्यायलं तर बाथरूमला जायला विचारावं लागेल, विचारायचं म्हणजे तोंड उघडावं लागेल, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नव्हता. हे मला समजायला तीन आठवडे लागले.

आणि घरी मी काय करत होते? "मले नको म्हणू रे, मला म्हण." त्याचं भलं व्हावं म्हणूनच. एका रविवारी आजीचा फोन आला आणि तो बोलायला येईना. खूप विचारल्यावर म्हणाला, "आई, आजीशी कोणतं बोलू?" त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेने त्याला गप्प केलं होतं, आणि बोलायची उरलेली एक जागा मी बंद केली होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात वऱ्हाडी. मीही. गाडगेबाबांनी याच बोलीत कीर्तनं केली, मराठी भाषा विद्यापीठ आमच्याकडेच, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आहे, हेही त्याला सांगितलं. पण खरं सांगू, दहा वर्षांच्या मुलाला याने फार फरक पडत नाही. फरक पडला तो बाईंमुळे. मी जाऊन भेटले, दोनच गोष्टी मागितल्या: महिनाभर याला उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, आणि बाकावर कायमचा एक सोबती द्या. बाईंनी ते केलंच, वर स्वतःच्या मनाने आणखी एक केलं. सगळ्यांना सांगितलं, आजी-आजोबा बोलतात ते पाच शब्द घरून आणा. त्या वर्गात निम्मी मुलं बाहेरगावची निघाली! जळगावकडचा एकजण 'मना, तुना' (म्हणजे माझा, तुझा) घेऊन आला. वर्षभर तो लपवूनच बोलत होता म्हणे. आज तोच याचा बाकावरचा सोबती आहे.

प्रमाण मराठी शिकायची नाही असं माझं म्हणणं नाही. ती मुलं शिकतातच, लिहिताना शिकतात, ऐकून शिकतात. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा मुलाकडे मित्र नाही, रस्ता ओळखीचा नाही, तेव्हा त्याची बोलीसुद्धा चुकीची ठरवू नका. नवं दप्तर, नवे बूट, रिक्षावाले काका, सगळ्याची तयारी आपण करतो. मूल गप्प झालं तर मात्र त्याला शहाणं म्हणतो. बाटली बघा. डबा बघा. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं का बघा.

परवा आजीचा फोन आला तेव्हा हा खाली खेळत होता. धापा टाकत वर आला, "काही नाही आजी, खेळून राह्यलो, मंग करतो," म्हणाला आणि फोन माझ्या हातात देऊन पळाला.