80 वर अडलेलं गाढव

महिनाभर लॅपटॉपच्या बॅटरीच्या त्या 80 टक्क्यांच्या आकड्याकडं बघून डोकं फिरलंय. रात्रभर चार्जिंगला लावा, सकाळी बघा, 80. खाली बारीक अक्षरात ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. अरे, पिन घातलीय, करंट आहे, मग तुला चढायला मुहूर्त पाहिजे काय?

आमच्या खानापूरकडं पाऊस लागला की करंटचा काय भरवसा नाही. कुठंतरी वायरवर झाड पडतंय आणि आम्ही बसतोय अंधारात. अशा वेळी ते वरचे 20 टक्के म्हणजे माझी उरलेली मीटिंग असते हो! दोनदा साहेब बोलत असतानाच लॅपटॉप बंद पडला.

शेवटी भर पावसात बस धरून बेळगाव गाठलं. दुकानातल्या पोरानं लॅपटॉप नीट बघितलासुद्धा नाही. “सेल बसल्यात दादा, नवी मारूया.” 4,200 रुपये. जुनी त्यानंच ठेवून घेतली, वर 200 रुपये सोडले. उपकारच!

घरी येऊन लावला. 78... 79... 80. थांबला.

आई म्हणाली, “भिंतीचं बटण तरी चालू हाय काय बघ.”

रात्री इरेला पेटून बसलो. विंडोजच्या कमांडच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ मारलं, म्हणजे बॅटरीची कुंडलीच निघते. त्यात मागच्या आठवड्यांचीही नोंद असते. जुनी बॅटरी मुळात 45,000 मिलीवॅट-अवरची (बॅटरीत किती करंट मावतो त्याचं माप), आणि काढली त्या आठवड्यात पूर्ण चार्जला 41,000 च्या वर! धडधाकट होती बिचारी. दोष सेटिंगचा. कंपनीचं एक ॲप आहे, मी जन्मात उघडलं नव्हतं, त्यात ‘बॅटरी जपा’ चालू, म्हणजे 80 च्या वर चढूच नको. मी केलं नव्हतं, कुठल्यातरी अपडेटनं केलं असणार. ही सेटिंग मशीनमध्ये असते, बॅटरी बदलून काय दिवे लागणार? बंद केली, पाच मिनिटांत 81.

मान्य आहे, लिथियमची बॅटरी कायम 100 वर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. दिवसभर चार्जर लावूनच बसणाऱ्याला 80 बरंच. पण विचारा की आधी! ‘नॉट चार्जिंग’ काय? ‘मीच थांबवलंय’ म्हणायला जीभ झडते?

दुकानात फोन लावला. “बसवलेली रिटर्न नाही दादा.”

बरं, माझी जुनी तरी?

“ती? ती गेली की परवाच. गिऱ्हाईक खूश आहे, फुल चार्ज होतीया म्हणाला.”